सी भाषा शिकताय? एरर आली नाही म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नका!

बेळगाव : मराठी माध्यमात शिकलेली आपली अनेक मुलं डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला गेली की 'सी' भाषेची धास्ती घेतात. स्क्रीनवर इंग्रजीत एरर दिसली की 'आपल्याला जमणार नाही' म्हणून मोकळी होतात. पण एररला घाबरायचं कारण नाही.

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ही भाषा तयार केली. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द फक्त ३२. म्हणजे पाठांतर फारसं नाही.

आपण लिहिलेला प्रोग्राम कंपायलर वाचतो आणि मशीनच्या भाषेत उतरवतो. सेमीकोलन राहिला, कंस बंद केला नाही, तर तो अडवतो आणि ओळीचा नंबरही सांगतो. चूक बहुधा त्याच ओळीत किंवा तिच्या वरच्या ओळीत सापडते. नेहमी पहिली एरर आधी दुरुस्त करा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

आता कंपायलर गप्प बसतो ती चूक बघा. ६०० पैकी ५४० गुण मिळाले. टक्केवारीसाठी '५४० / ६०० * १००' असं लिहिलं. एरर नाही, प्रोग्राम चालला, उत्तर आलं शून्य!

कारण सोपं आहे. दोन्ही संख्या पूर्णांक, म्हणजे 'इंट' प्रकारच्या असतील तर सी भागाकारातला अपूर्णांक टाकून देते. ०.९ चा झाला शून्य आणि शून्य गुणिले शंभर शून्यच. उत्तर 'फ्लोट'मध्ये साठवलं तरी उपयोग नाही, कारण भागाकार आधीच झालेला असतो. '५४०.० / ६०० * १००' लिहा, बरोबर ९० येतात.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे नवीन नाही. ट्रायल बॅलन्स जुळला तरी एखादी रक्कम भलत्याच खात्यात गेलेली असू शकते. कंपायलरचंही तसंच. तो व्याकरण तपासतो, हिशेब नाही.

म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी एक उदाहरण वहीत हातानं सोडवा आणि उत्तर ताडून बघा. 'जीसीसी' हा कंपायलर मोफत मिळतो, सरावाला पैसे लागत नाहीत. इंग्रजी हळूहळू येतं. हिशेब तपासायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या.