हिंवाळी पाहुणे आणि छायाचित्रकार

पावसाळा सरून भातें पिवळीं पडलीं आणि पहांटे घोंगडी अंगावर ओढावीशी वाटूं लागली, कीं महाराष्ट्राच्या माळांवर, तळ्यांच्या कांठीं व नद्यांच्या उथळ पात्रांत दूरदेशींचे पक्षी उतरूं लागतात. अंगणांतून शेपटी वरखालीं हालवीत फिरणारा धोबी, कुंपणाच्या दगडावर बसून शेपूट थरथरविणारा थिरथिरा, ज्वारीच्या शेतांवर ढगासारख्या लोटणाऱ्या भोरड्या, धरणाच्या पाण्यावर तरंगणारे चक्रवाक, हे सारे या ऋतूंतले पाहुणे होत. कॅमेरे सुलभ झाल्यामुळें त्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद आतां गांवोगांव पसरला आहे. छंद उत्तम आहे. मात्र त्यांतलें मर्म समजून घेतलें नाहीं, तर चित्रही साधत नाहीं आणि पाहुण्याचेंही नुकसान होतें.

हें नुकसान कोणतें, तें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. हे पक्षी येथें हवापालटासाठीं येत नाहींत. उत्तरेकडे बर्फ पडून अन्न दुर्मिळ होतें, म्हणून पोटासाठीं येतात. पट्टकादंब हंसाचें उदाहरण घ्यावें. तिबेट, मंगोलिया व लडाख येथील सरोवरांजवळ घरटीं करणारा हा हंस हिमालय ओलांडून येतो. अंगावर बसविलेल्या लहानशा यंत्रांच्या साह्यानें जो अभ्यास झाला, त्यांत तो ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर गेल्याचें आढळलें आहे. वसंतांत हाच प्रवास त्याला उलट दिशेनें करावयाचा असतो, आणि त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगांत सांठविलेली चरबी. कांहीं लहान पक्ष्यांचें वजन तर प्रवासापूर्वीं जवळजवळ दुप्पट होतें. चरणारा थवा विनाकारण उडविला, म्हणजे त्या शिदोरींतला घांस काढून घेतल्यासारखें होतें. एकाच दिवशीं दहा जणांनीं तेंच केलें, तर त्या पक्ष्यांनीं चरावयाचें केव्हां?

जवळ किती जावें, याचें माप पक्षी स्वतःच देतो. निश्चिंत पक्षी चरत असतो अथवा पिसें साफ करीत असतो. मनुष्य नकोसा झाला, म्हणजे तो टिपणें थांबवितो, मान उंच करतो, अंग आखडतो आणि दोन पावलें दूर सरकतो. मान उंचावली कीं तेथेंच थांबावें. सरकूं लागला कीं मागें फिरावें. सरळ पक्ष्याच्या रोखानें चालूं नये, तिरकें चालावें व मधून मधून खालीं बसावें. बैलगाडी, गुरें किंवा रस्त्याकडेला उभी असलेली मोटार यांना पक्षी फारसे भीत नाहींत. माणूस खालीं उतरला कीं मात्र दचकतात. म्हणून मोटारींतून उतरण्याची घाई करूं नये.

गांवाजवळच्या रोजच्या फेरींत तर जवळ जाण्याचीही गरज नसते. थिरथिरा हिंवाळाभर आपली हद्द धरून राहतो व ठराविक दगडांवर, खुंटांवर पुन्हां पुन्हां येऊन बसतो. चार दिवस नुसतें पहावें, त्याच्या आवडीची जागा हेरावी आणि पांचव्या दिवशीं कॅमेरा घेऊन थोड्या अंतरावर स्वस्थ बसावें. पक्षी आपण होऊन समोर येतो. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. ऊन पाठीशीं असावें. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा व नेम डोळ्यावरच धरावा; डोळा स्पष्ट आला कीं चित्र जिवंत वाटतें. बसलेल्या पक्ष्यास शटरचा वेग सेकंदाचा पांचशेवा भाग बहुधा पुरतो. उडत्या पक्ष्यास दोन हजारावा भाग लागतो. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याचें चित्र घेतांना प्रकाश थोडा कमी ठेवावा, नाहींतर पिसांची वीण पुसली जाते.

मोठे थवे पाहण्यासाठीं नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचें नांदूर मधमेश्वर आहे. रामसर कराराच्या यादींत त्याचा समावेश झाल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच असें स्थळ. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याकांठीं भिगवण आहे. तेथें रोहित पक्षी दिसतात व होडींतून पाहण्याची सोय आहे. होडी थव्यावर घालण्यास नावाड्याला कोणी आग्रह करूं नये. उडत्या थव्याचें एक चित्र मिळतें खरें, पण त्या दिवसाचीं पुढचीं सारीं चित्रें त्याबरोबर उडून जातात.

मुक्कामास जाणाऱ्यांनीं तंबू पाण्याच्या कांठापासून दूर ठोकावा. पुष्कळ बदकें रात्रीं चरतात, तर कित्येक पक्षी उथळ पाण्यांतच रात्र काढतात. त्यांच्यावर विजेरीचा झोत टाकूं नये व कांठावर शेकोटी पेटवूं नये. पक्ष्याचा मुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणें हीही फसवणूकच होय. पहांटे दंव पडतें, म्हणून कॅमेरा रात्रीं उघड्यावर न ठेवतां पिशवींत बंद करून ठेवावा.

घेतलेल्या प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, ठिकाण व संख्या लिहून ठेवावी. मंगोलियांत गळ्यांत खुणेचे पट्टे बांधलेले कांहीं हंस भारतांत दिसून आले आहेत. अशा पट्ट्यावरील अक्षरें दुरून घेतलेल्या चित्रांतही वाचतां येतात. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या पक्ष्यांना कडीं घालणाऱ्या संस्थेस ती माहिती कळविली, म्हणजे त्या हंसाच्या वाटेंतला आणखी एक टप्पा ठाऊक होतो. ज्याच्यापाशीं मोठा कॅमेरा नाहीं, त्यानेंही वही-पेन्सिल घेऊन हें काम आजपासून सुरू करावें. धोबी अंगणांत कोणत्या दिवशीं आला आणि कोणत्या दिवशीं दिसेनासा झाला, एवढें दरवर्षीं नेमानें लिहिलें, तरी दहा वर्षांनीं त्या वहीची किंमत चित्रांहून कमी भरणार नाहीं.