बोर्ड बदलला, मालक तोच

लॅपटॉप बंद पडून दुरुस्तीच्या टेबलावर आला की आधी मल्टिमीटरची टोकं बोर्डावरच्या एकेका कपॅसिटरवर टेकवली जातात. शॉर्ट असलेला भाग सापडला तर हॉट एअर गनने तो काढून दुसरा बसवतात. नाहीच सापडला तर ‘बोर्ड गेलाय’ असा निकाल लागतो आणि त्याच मॉडेलच्या एखाद्या मोडीत निघालेल्या लॅपटॉपचा बोर्ड शोधायला माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत जातो. बोर्ड बसतो, पंखा फिरतो. डिस्क जुनीच, त्यामुळे फायली जागच्या जागी असतात आणि पडद्यावरचा घरचा फोटोही तोच. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरं उमटलेली असतात: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. पैसे मोजून घेतलेला परवाना दुरुस्तीच्या टेबलावरच हरवला, आणि तो कोणी चोरलेला नाही.

विंडोज यंत्राची ओळख कशावरून ठरवतं हे पाहिलं की गोम कळते. 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन घरोघर पोचलं. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, सीडी ड्राइव्ह, रॅम अशा दहा गोष्टींवरून यंत्राचा एक ठसा तयार व्हायचा. त्यातल्या पुरेशा गोष्टी बदलल्या की पुन्हा परवानगी मागावी लागे. इंटरनेट नसेल तर पडद्यावरचे पन्नास आकडे फोनवर सांगायचे आणि पलीकडून आलेले बेचाळीस आकडे न चुकता टाइप करायचे. तरी तेव्हा परवान्याला निदान कागद होता. संगणकाच्या अंगावर चिकटवलेल्या स्टिकरवर पंचवीस अक्षरांची की छापलेली असे. लॅपटॉपच्या पोटावरचं ते स्टिकर घासून घासून पांढरं पडे, ही गोष्ट वेगळी. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून कंपन्या ही की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरू लागल्या. दहा गोष्टींच्या त्या पंचायतीत आता एकट्या बोर्डाचा शब्द चालतो, आणि लॅपटॉपच्या महागड्या दुरुस्तीत नेमका बोर्डच बदलावा लागतो.

या व्यवस्थेतली खरी विसंगती त्या मोडीतल्या बोर्डावर दिसते. त्या बोर्डात त्याच आवृत्तीची की आधीच असेल, तर विंडोज मुकाट्याने ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे ज्या कीचे पैसे दुसऱ्याच कोणी भरले होते ती चालते. बोर्ड कोरा असेल, तर स्वतः पैसे भरलेला माणूस परका ठरतो. दोन्ही वेळा निकाल चुकतोच, कारण ॲक्टिव्हेशनचं कुलूप माणसाला विचारतच नाही. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा खुलासा मात्र वेगळं सांगतो. संगणकाबरोबर आलेला परवाना त्या यंत्रापुरता असतो हे खरं, पण बिघडलेला मदरबोर्ड त्याच मॉडेलच्या किंवा उत्पादकाने ठरवलेल्या पर्यायी बोर्डाने बदलला तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. नियम ग्राहकाच्या बाजूने आहे आणि कुलूप त्याच्या विरुद्ध. मधली पायपीट ग्राहकाच्या वाट्याला.

यावर ‘मग चोरी कशी थांबवायची?’ हा प्रश्न येणारच, आणि तो फुकाचा नाही. एक सीडी आणि सगळ्या गल्लीत विंडोज, हा काळ आपल्याकडे सर्वांनी पाहिला आहे. ‘विंडोज मारून देऊ का?’ हे वाक्य आजही दुकानात ऐकू येतं. पण क्रॅक केलेलं विंडोज वापरणाऱ्याला बोर्ड बदलल्यावर काय त्रास होतो? काहीच नाही, तो पुन्हा क्रॅक मारतो आणि दहा मिनिटांत मोकळा होतो. खोळंबतो तो बिल घेतलेला. शिवाय एका वेळी एकाच यंत्रावर वापर, ही अट पाळायला लावण्याचे दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. मराठी डीटीपी करणाऱ्यांना डोंगल चांगलं ठाऊक आहे. प्रिंटरच्या पोर्टला, पुढे यूएसबीला लावायचा तो तुकडा. संगणक गेला की डोंगल काढून दुसऱ्याला लावायचं, काम पुढे चालू. डोंगल हरवे, तुटे, त्याचा ताप होताच, पण परवाना मालकाच्या खिशात असे.

महागड्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर आणखी एक अट असते: नव्या यंत्रावर लावण्याआधी जुन्यावरून डिॲक्टिव्हेट करा. जे यंत्र सुरूच होत नाही त्यावर हे बटण दाबायचं कसं? आणि परवानगी देणारा सर्व्हर तरी कायम थोडाच असतो? ॲडोबीने 2005 च्या क्रिएटिव्ह सूट 2 चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि 2013 च्या सुरुवातीला त्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न मागणारी प्रत वेगळी उपलब्ध करून दिली. म्हणजे मनात आणलं तर कुलूप काढता येतं.

आता परवाना ऑनलाइन खात्याला जोडता येतो, मग तक्रार कशाला, असंही म्हणतात. विंडोज 10 मध्ये 2016 पासून ही सोय आहे आणि आधीच्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण खातं बिघाडाच्या आधी जोडलेलं हवं. छोट्या कार्यालयात ते खातं बहुतेक वेळा संगणक बसवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतं, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. बिघाडानंतरच लागणारी ही सोय बिघाडाच्या आधी आठवणीने करून ठेवायची, हे ओझंही ग्राहकावरच. कंपनीला हे उलटवता येईल. बोर्ड बदलल्याचं बिल दाखवलं की परवाना चालू, संशय वाटला तर चौकशी नंतर. तसं होईपर्यंत दुरुस्तीला दिलेल्या यंत्राच्या बिलावर ‘मदरबोर्ड बदलला’ हे शब्द, मॉडेल नंबर आणि तारीख लिहून घ्या. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेलं बिल मदतकेंद्राशी बोलताना उपयोगी पडत नाही.