केसांचं शास्त्र, भाग ५ : गोळीने केस भरभर वाढतात का?

लग्न तीन महिन्यांवर आलेलं असतं, फोटोत कपाळ मोठं दिसायला लागलेलं असतं आणि मुलगा औषधाच्या दुकानात जाऊन ‘केसांसाठी एखादं चांगलं व्हिटॅमिन द्या’ म्हणतो. दुकानदार बायोटिनची डबी पुढे करतो. चिठ्ठी लागत नाही. व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय बिघडणार, असं दोघांनाही वाटतं. या भागात त्या डबीबद्दल बोलू, कारण तिच्यावर पुरुषांचा पैसा वाया जातो आणि कधीकधी तब्येतही बिघडते.

आधी वेगाचं पाहू. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीन महिन्यांत सुमारे तीन सेंटिमीटर. ज्याच्या शरीरात कसलीही कमतरता नाही, अशा माणसाचा हा वेग कोणत्याही जीवनसत्त्वाने वाढतो, असा भरवशाचा पुरावा नाही. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच. ब गटाच्या गोळ्या घेणाऱ्याची लघवी गडद पिवळी होते, ती याच सांडण्यामुळे.

पुरुषांच्या डोक्यावर टक्कल पडतं तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न पोषणाचा नसतोच. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ज्यांच्यात तशी आनुवंशिकता आहे त्यांच्या कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या केशमुळांना ते मानवत नाही. केसाच्या वाढीचा काळ दरवेळी आखडत जातो, जाड केसाच्या जागी बारीक, मग लवीसारखा केस येतो. टकलामागे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता आहे, हे अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ सालीच दाखवून दिलं होतं. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले. या साखळीत जीवनसत्त्वाला जागाच नाही. वडिलांचं, मामाचं डोकं ज्या वळणाने उघडं पडलं त्याच वळणाने तुमचं पडत असेल, तर डबीवरचा खर्च थांबवा.

मग ‘मला फरक पडला’ असं शपथेवर सांगणारे मित्र खोटं बोलतात का? नाही. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरवणारं डाएट, यातलं काहीही झालं की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. कंगव्यात गुंतवळ दिसतो, न्हाणीघराची जाळी तुंबते. ताप विसरलेला असतो, त्यामुळे कारण सुचत नाही. याच सुमारास माणूस गोळी सुरू करतो. हे गळणं साधारणपणे सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि नवे केस येतात. श्रेय मात्र गोळीला मिळतं, आणि तो ते मनापासून चार जणांना सांगतो.

खरी कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. लोह, ड जीवनसत्त्व, जस्त, पोटभर प्रथिनं यांच्या अभावाचा संबंध केस गळण्याशी जोडला जातो. शाकाहारी माणसाने ब-१२ तपासून घेणं तर केसांचा विचार न करताही शहाणपणाचं आहे. पण इथे पुरुषांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पुरुषाच्या रक्तात लोह कमी निघालं तर लोहाची गोळी गिळून मोकळं व्हायचं नसतं. त्याला पाळी येत नाही, मग रक्त जातंय कुठे? मूळव्याध, पोटातला व्रण, आतड्यातले कृमी, क्वचित आतड्याचा कर्करोग, हे शोधावं लागतं. केसांसाठी म्हणून स्वतःच सुरू केलेली गोळी अशा वेळी रक्ताचा अहवाल सुधारते आणि मूळ दुखणं झाकून ठेवते.

आता ‘जास्त घेतलं तर काय होईल’ याकडे येऊ. याचं उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच घडलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची आणि मग दोन-चार दिवसांत हातात पुंजके यायचे. बाया, पुरुष, लहान मुलं, कोणी सुटलं नाही. आधी संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले, या गावांत गेले आणि त्यांनी रुग्णांचे नमुने तपासून घेतले. रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियमचं प्रमाण भलतंच वाढलेलं होतं, आणि त्यांनी त्याचा माग रेशनवर आलेल्या गव्हापर्यंत लावला. पुढे अनेकांची नखंही खराब झाली.

हेच सेलेनियम केसांच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ‘केसांचं पोषण’ म्हणून घातलेलं असतं. शरीराला ते लागतं, पण दिवसाला जेमतेम ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. प्रौढांसाठी ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात बनवतानाच्या चुकीमुळे ते लेबलवर लिहिल्याच्या २०० पट गेलं. सुमारे दोनशे लोक आजारी पडले आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. अ जीवनसत्त्वाचंही असंच. पुरुषाला दिवसाला ९०० ते १००० मायक्रोग्रॅम पुरतं. ते यकृतात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, आणि ३००० मायक्रोग्रॅमच्या वर रोज घेत राहिलं तर त्वचा कोरडी पडते, यकृताला इजा होते आणि केस गळतात. एक मल्टिव्हिटॅमिन, एक ‘हेअर’ गमी आणि जिममधली पावडर अशी तिन्ही चालू असतील तर तिन्हींच्या लेबलवरचे आकडे एकत्र करून पाहा. हा हिशेब सहसा कोणी करत नाही.

आणि बायोटिन? ते विषारी नाही, म्हणूनच त्याचा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम लागतं. अंडी, शेंगदाणे, डाळी खाणाऱ्याला ते सहज मिळतं. कमतरता फार दुर्मीळ. सतत कच्च्या अंड्याचा पांढरा बलक खाणाऱ्यांत ती दिसते, कारण त्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं. बाजारातल्या गोळीत मात्र ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. इतकं बायोटिन रक्तात फिरत असताना रक्त तपासलं तर अहवाल चुकू शकतो, कारण प्रयोगशाळेतल्या पुष्कळ चाचण्याच बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावर चालतात. टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ जास्त असा अहवाल येतो आणि धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचं सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे ट्रोपोनिन. हृदयविकाराचा झटका ओळखणारी ही चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा चुकलेल्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूचीही नोंद त्यात होती.

आपल्याकडे ही पूरकं बहुतांशी अन्नसुरक्षेच्या नियमांखाली विकली जातात. औषधाला जसं आपण गुणकारी आहोत हे चाचण्यांनी सिद्ध करावं लागतं, तसं यांना लागत नाही. डबीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते. समोरच्या बाजूला दाट केसांचा फोटो असतो.

तेव्हा केस गळत असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच यांतलं काय तपासायचं ते त्यांना ठरवू द्या. कमतरता निघाली तर ठरावीक मुदतीची गोळी घ्या आणि पुन्हा तपासा. बायोटिन चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला तसं सांगा. मोठा डोस असेल तर निदान तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, तो बंद ठेवा. पण छातीत दुखायला लागल्यावर रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं जातं तेव्हा तीन दिवसांची सवड नसते. ही गोळी चालू आहे, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असू द्या, आणि कॅज्युअल्टीत डॉक्टरांना ते सांगायला त्याला बजावून ठेवा.

(पुढील भागात : मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड)