‘प्रोटेक्ट’ म्हणजे नेमके काय?



शाळांची परिपत्रके, विम्याचे कागद, लशींची माहितीपत्रके आणि आता आपल्या धर्मग्रामांतील सूचनाफलक, सर्वत्र ‘प्रोटेक्ट’ हे इंग्रजी क्रियापद आढळते. ‘रक्षण करणे’ हा त्याचा कोशातील अर्थ सर्वांना ठाऊक आहे. तथापि तेवढ्यावर थांबल्यास या शब्दाचे मर्म हाती लागत नाही, असे आम्हांस वाटते.

शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘तेगेरे’ म्हणजे झाकणे. कोणाच्या तरी पुढे आच्छादन धरणे हा त्याचा मूळ अर्थ. घरावरील कौलाला लॅटिनमध्ये ‘तेगुला’ म्हणत. इंग्रजी ‘टाइल’ त्यातूनच आला. म्हणजे ‘प्रोटेक्ट’मध्ये तलवार नाही, छप्पर आहे. हल्ला परतवणे याला इंग्रजीत ‘डिफेंड’, पहारा देणे याला ‘गार्ड’ आणि संकटात सापडलेल्याला बाहेर काढणे याला ‘सेव्ह’ असे वेगळे शब्द आहेत. बुडणाऱ्याला ‘सेव्ह’ करतात. होडीत बसण्यापूर्वी त्याला लाइफ जॅकेट देतात, ते ‘प्रोटेक्ट’ करणे. राखणे, जपणे, सांभाळणे, वाचवणे, तारणे अशी क्रियापदे असलेली मराठीही या बाबतीत गरीब नाही. भाषांतर करताना मात्र आपण सगळीकडे ‘रक्षण’ ठोकून देतो!

या क्रियापदाला दोन प्रश्नांची उत्तरे लागतात : कोणाचे रक्षण, आणि कशापासून? दुसऱ्या उत्तराआधी ‘फ्रॉम’ किंवा ‘अगेन्स्ट’ येते. ऊन, पाऊस, इजा यांच्याआधी बहुधा ‘फ्रॉम’. रोग, चोरी, नुकसान अशा संभाव्य धोक्यांआधी पुष्कळदा ‘अगेन्स्ट’. ही सीमारेषा काटेकोर नाही आणि मराठीत दोन्हींना ‘पासून’ पुरते. पहिल्या उत्तराची जागा चुकली, तर मात्र शब्दाचा अर्थच उलटतो. गुंड दुकानदाराकडून जो हप्ता उकळतात, त्याला इंग्रजीत ‘प्रोटेक्शन मनी’ म्हणतात. ज्याच्यापासून भय, तोच रक्षक!

आच्छादनाचा हा दुटप्पीपणा मराठीला चांगला परिचित आहे. आई कुडकुडणाऱ्या लेकरावर पांघरूण घालते आणि आपण एखाद्याच्या अपराधावरही पांघरूणच घालतो. क्रिया तीच, कर्म निराळे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत जगात अनेक ठिकाणी, ख्रिस्तसभेतही, नेमके हेच घडले. संस्थेचे नाव ‘प्रोटेक्ट’ झाले आणि बालक उघड्यावर राहिले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना त्वरित कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले, त्यामागे हा कटू इतिहास आहे.

येथे ‘तेगेरे’चे दुसरे अपत्य ध्यानात घ्यावे. ते म्हणजे ‘डिटेक्ट’. ‘दे’ म्हणजे दूर, म्हणून ‘डिटेक्ट’ म्हणजे आच्छादन काढणे, शोधून काढणे. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द त्यावरूनच बनला. अपराधावरील झाकण काढल्यावाचून बालकावर छप्पर येत नाही. एका धातूच्या या दोन शब्दांना म्हणूनच एकत्र नांदावे लागते.

आपल्या देशाचा २०१२ चा पॉक्सो कायदा त्यांना एकत्र नांदवतो. त्याच्या नावातच ‘प्रोटेक्शन’च्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत : कोणाचे, तर अठरा वर्षांखालील बालकांचे, कशापासून, तर लैंगिक अपराधांपासून. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा तो घडण्याची ज्याला भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा विनाशुल्क आहे. मूल स्वतःही तेथे बोलू शकते.