लग्नपत्रिकेची शब्दयोजना : गिरगाव ते लालबाग परिसरातील मराठी निमंत्रणाचा विचार

प्रस्तावना :
लग्नपत्रिका हे औपचारिक मराठी निमंत्रणाचे सर्वाधिक प्रचलित रूप होय. तिथी, मुहूर्त व स्थळ कळविणे एवढेच तिचे कार्य नसून निमंत्रक कोण, आप्त कोण आणि कुटुंबाची श्रद्धा कोणती, हेही ती जाहीर करते. त्यामुळे जुना नमुना जसाच्या तसा उतरविण्यापूर्वी त्यातील शब्दांचा अर्थ तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या शब्दयोजनेचा विचार केला आहे.

अर्थांतर झालेले शब्द :
‘आमचे येथे श्रीकृपेकरून… शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ हे पारंपरिक वाक्य परिचित आहे. जुन्या मराठीत ‘शरीरसंबंध’ म्हणजे विवाहाने जुळलेले नाते, सोयरीक. आज या शब्दाचा अर्थ संकोचल्याने ‘शुभविवाह’ हा पर्याय रूढ झाला, तो योग्यच आहे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही मात्र द्विरुक्ती नव्हे. येथे ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी व ‘परिवार’ म्हणजे घरातील इतर मंडळी, असा भेद मुळात अभिप्रेत होता. तो लोपल्यामुळे आता दोहोंपैकी एक शब्दही पुरेसा आहे.

वधूच्या नावामागील ‘चि. सौ. कां.’ म्हणजे ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’. म्हणून ‘कां’वरील अनुस्वार आवश्यक आहे. यात स्त्रीचे सौभाग्य पतीच्या अस्तित्वाशी जोडलेले आहे. ज्यांना हे मान्य नाही, त्यांना वधू व वर दोघांसाठीही केवळ ‘चि.’ लिहिता येते. दीर्घायुष्याची इच्छा दोघांनाही सारखीच लागू पडते.

श्रद्धा आणि स्थान :
14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेचे स्वरूप बदलले. दादर-परळ भागातही ‘श्री गजानन प्रसन्न’ऐवजी तथागत बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन आणि ‘मंगल परिणय’ हे शीर्षक आढळते. शब्दांतील हा बदल म्हणजे नव्या धम्माचा जाहीर स्वीकार होय.

लालबाग-परळच्या गिरणगावातील पत्रिकांवर अनेकदा दोन पत्ते असतात : प्रथम कोकणातील वा घाटावरील मूळ गाव, ‘मु. पो., ता., जि.’ यांसह, त्याखाली ‘सध्या राहणार’ म्हणून चाळीचा पत्ता. 1982 च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. तरी गावाचा पत्ता प्रथम लिहिण्याची रीत पुष्कळ घरांनी सोडली नाही. विवाह गावी व स्वागत समारंभ मुंबईत असल्यास दोन्हींची तिथी, वेळ व स्थळ स्वतंत्र परिच्छेदांत द्यावे. अन्यथा पाहुण्यांचा गोंधळ उडतो.

निमंत्रक कोण?
शब्दयोजनेची खरी कसोटी वर वा वधूची आई विधवा असताना लागते. मुलांना वाढविणारी, कार्याचा खर्च करणारी ती. परंतु निमंत्रक म्हणून काकांचे वा मामांचे नाव छापले जाते आणि आईचे नाव गाळले जाते. अशुभाची कल्पना येथे भाषेच्या आड राहून काम करते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. एप्रिल 2023 मध्ये विधवांसाठी ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) हे संबोधन वापरण्याचा विचार राज्य शासनाच्या पातळीवर पुढे येताच त्यावर टीका झाली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत आईचे नाव अनिवार्य झाले आहे. शासकीय कागदावर जिचे नाव आवश्यक, ती घरच्या कागदावरून वगळली जावी, ही विसंगती होय. ‘श्रीमती’ हे संबोधन वैवाहिक स्थिती न सांगता आदर व्यक्त करते; म्हणून ‘निमंत्रक : श्रीमती…’ असे आईचे पूर्ण नाव प्रथम व त्याखाली इतर आप्तांची नावे, ही रचना अर्थदृष्ट्या व न्यायदृष्ट्याही उचित ठरते.

समारोप :
परंपरेतील ‘अगत्य येण्याचे करावे’ ही आर्जवी वाक्ये जपण्याजोगी आहेत. परंतु प्रत्येक शब्द स्वीकारताना त्याचा आजचा अर्थ काय आणि त्यामुळे कोणाचे नाव सुटते, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पाहुण्यांना आग्रहाने बोलावणाऱ्या कागदावर घरच्याच माणसाला स्थान नसेल, तर ते निमंत्रण अपुरेच म्हणावे लागेल.