विमा एजंटचं कमिशन आणि आपलं हित

आता विमा एजंटच्या मिळकतीचा हिशोब पाहू. त्याला बहुधा पगार नसतो, कमिशन असतं. 1938 च्या विमा कायद्यात पूर्वी त्याची कमाल मर्यादा होती: पहिल्या वर्षी हप्त्याच्या 35 टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 7.5, पुढे 5. नव्या कंपनीला पहिली दहा वर्षं 40 टक्क्यांपर्यंत मुभा होती. म्हणजे 50,000 रुपयांच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी 17,500 पर्यंत, चौथ्या वर्षी 2,500. एप्रिल 2023 पासून नियामकानं ही दरवार मर्यादा काढली. एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कंपनीचं संचालक मंडळ दर ठरवतं. बँकेतून पॉलिसी घेतली तर कमिशन बँकेला जातं. समोरच्या कर्मचाऱ्याला पगार असतो आणि डोक्यावर टार्गेट.

यात एजंट वाईट ठरत नाही. पण पॉलिसी मध्येच बंद पडली तर त्याचं थोडं जातं, आपलं बरंच. टर्म विम्याचा हप्ता लहान, म्हणून कमिशनही लहान. तो आग्रहानं कोण विकणार? तेव्हा सही करण्यापूर्वी सरळ विचारा: तुम्हाला यात पहिल्या वर्षी किती आणि दहाव्या वर्षी किती? असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. सल्ला आणि विक्री एकाच तोंडून येते, तेव्हा त्यांतला फरक ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.