मराठ्यांचे आरमार : उभारणी, संघटन आणि आरमारी शिपाई

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचा विचार प्रामुख्याने गडकोट आणि घोडदळ यांच्या अंगाने होतो. आरमाराचा उल्लेख येतो तेव्हाही तो बहुधा जलदुर्गांची नावे व लढायांची वर्णने यांपुरता राहतो. वस्तुतः आरमार ही लाकूड, पैसा, धान्य, बंदर आणि माणूस यांना एकत्र बांधणारी व्यवस्था होती. ती कशी उभी राहिली, तिच्यात लढाऊ शिपायांचे स्थान काय होते आणि ती का मोडली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उभारणी

इ.स. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांच्या जहाजबांधणीस प्रारंभ झाला. जंजिऱ्याचा सिद्दी किनारपट्टीस उपद्रव देई. पोर्तुगीज आपल्या परवान्यांच्या बळावर व्यापारी जहाजांवर हुकमत गाजवीत. किनारा आपला, पण समुद्र परक्यांचा, ही स्थिती पालटणे हे आरमाराचे मूळ प्रयोजन होय. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः सागरी मार्गाने बसरूरच्या स्वारीवर गेले. या स्वारीत ८५ लहान व ३ मोठी जहाजे होती.

संघटन

आरमाराची मुख्य भिस्त गुराब आणि गलबत या दोन प्रकारांवर होती. गुराब मोठी, तिला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत व तिच्यावर अवजड तोफा चढविलेल्या असत. गलबत लहान, उथळ पाण्यात चालणारे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर वारा नसतानाही वेग घेणारे होते.

इ.स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त या व्यवस्थेचे तत्त्व स्पष्ट होते. तेथे आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून एका सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते असे प्रमाण सांगितले आहे. त्याच्या खर्चासाठी मुलखातील महसुलाची कायम नेमणूक असावी. बंदरांच्या उत्पन्नावर तो भार टाकल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडेल, असा त्यामागील विचार आहे. लाकूड सरकारी परवानगीने तोडावे, मात्र रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये, हा दंडकही त्यातच आहे. लढाऊ दलाची गरज आणि रयतेचे हित यांचा असा एकत्र विचार लक्षणीय आहे.

आरमारी शिपाई

जहाजावर दोन प्रकारची माणसे असत. जहाज हाकणारे सारंग, तांडेल व खलाशी हा एक वर्ग. तोफा डागणारे गोलंदाज आणि ढाल-तलवार व बंदुका बाळगणारे शिपाई हा दुसरा. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी तसेच किनाऱ्यावरील मुसलमान समाजांतून ही माणसे येत. मायनाक भंडारी व दौलतखान ही सेनानींची नावे याच वास्तवाची साक्ष देतात. आधुनिक नौदलांतील 'मरीन्स'सारखे वेगळे पथक येथे नव्हते. तथापि त्यांचे काम हे शिपाई करीत. गुराबांनी तोफांच्या माऱ्याने शत्रूच्या डोलकाठ्या व शिडे निकामी करावीत आणि मग माणसांनी भरलेली गलबते भिडवून शिपायांनी शत्रूच्या जहाजावर उड्या घ्याव्यात, ही ठरलेली युद्धरीती होती.

इ.स. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर याची कसोटी लागली. मायनाक भंडारीच्या लोकांनी बेट धरले, इंग्रजांनी समुद्रातून वेढा घातला. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद पोहोचवीत राहिल्या. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले व बेट अखेर मराठ्यांकडेच राहिले. रसदीचे हे महत्त्व महाराज पूर्वीच जाणून होते. पद्मदुर्गाच्या कामावरील आरमारास पैसा व धान्य न पोहोचविणाऱ्या सुभेदारास त्यांनी १६७५ मध्ये पाठविलेले कडक पत्र प्रसिद्धच आहे.

ऱ्हास

कान्होजी आंग्रे यांच्या काळात आरमाराचा उत्कर्ष झाला. इ.स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला अयशस्वी ठरला. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले. पुढे भाऊबंदकीतून कुलाबा व विजयदुर्ग अशी आरमाराची दोन शकले झाली. विजयदुर्गकर तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपास गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी केलेल्या करारानुसार आलेल्या इंग्रजी आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरातील आंग्र्यांची जहाजे जळून खाक झाली. यानंतरही धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार टिकून होते. १७८३ मध्ये त्याने इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले. परंतु इंग्रजांच्या वाढत्या सागरी सत्तेस आवर घालण्याइतके बळ त्यात उरले नव्हते.

समारोप

मराठी आरमाराचा ऱ्हास केवळ लहान जहाजांमुळे वा शौर्याच्या अभावामुळे झाला नाही. महसूल, जलदुर्ग, जहाजे व शिपाई एका धोरणाखाली होते तोवर याच लहान जहाजांनी युरोपीय सत्तांना तोंड दिले. ते सूत्र तुटताच मोठा ताफाही निरुपयोगी ठरला. २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या भारतीय नौदलाच्या ध्वजावरील अष्टकोन शिवमुद्रेवरून घेतला आहे. या गौरवास अभ्यासाची जोड हवी. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन 'आज्ञापत्रा'तील आरमार प्रकरण वाचल्यास आंतरविद्याशाखीय अध्ययनास ते उत्तम साधन ठरेल.